आमच्या ह्यांच्या नावाचा लफंगा

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, माझ्या सासूबाई शैलेश नावाच्या एका प्रोजेक्ट मॅनेजरच्या पत्नी झाल्या. त्या वेळी माझे सासरे पहिल्या रांगेत बसून समोसा खात होते.

या सगळ्याला मी जबाबदार आहे. म्हणजे कायद्याने नाही. पण आमच्या घरात कायद्याला विचारतो कोण? माझ्या बायकोने, मेघनाने, निकाल त्याच दिवशी पार्किंग लॉटमध्ये देऊन टाकला.

झालं असं, की मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून काढून माणसाला वाटायला लागतं, की आपण स्वतः काही केलं तर त्यात चूक निघणारच नाही. याच भ्रमात मी कॅनडातल्या आमच्या किचनर शहराच्या मराठी मंडळाच्या बैठकीत हात वर केला आणि म्हणालो, "दरवर्षी लावणी आणि फॅशन शो किती दिवस करायचा? मी एक जुनं इंग्रजी नाटक मराठीत आणतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं!" कुणीच नको म्हणालं नाही. (नंतर कळलं, सगळ्यांना घरी जायचं होतं.)

नाटक होतं बड्या लोकांचं. ही मंडळी दिवसभर चहा पितात आणि एकमेकांच्या अब्रूची लक्तरं काढतात. त्यांच्यात एक खानदानी विधवा असते. कोण अब्रूदार आणि कोण नाही, हे तीच ठरवते. तिच्या भाचीला मागणी घालायला एक छेलछबिला गृहस्थ येतो. त्याने म्हणे पूर्वी एक लग्न करून बायकोला गुपचूप टाकून दिलेलं असतं. ती टाकलेली बायको कोण, यावर सगळं नाटक उभं. दुसऱ्या अंकात कळतं, की ती या सगळ्यांच्या टोप्या शिवणारी गरीब बाई! मग तिसऱ्या अंकात ती खानदानी विधवा त्या लफंग्याला नाव घेऊन हाकलून देते, आणि पडदा.

मी लंडनचं एक जहागीर असलेलं गाव केलं, टोप्या शिवणारीची ब्लाउज शिवणारी केली आणि विधवेला 'बाईसाहेब' केलं. राहिला लफंगा. त्याला नाव सुचेना. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि समोर माझे सासरे लसूण सोलत होते. सासू-सासरे सांगलीहून सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो त्या व्हिसावर, आमच्याकडे राहायला आले होते.

"नाना," मी म्हणालो, "एका छचोर माणसाला नाव सुचवा."

नानांनी पाकळीवरून नजरही न काढता सांगितलं, "विलास ठेवा."

"वा! काय नाव आहे! नावातच सगळं आलं!" मी टाइप केलं. विलास.

आता वाचकांनी इथे जरा थांबावं आणि माझी कीव करावी. सुपर व्हिसाचा अर्ज मी भरला होता. त्या अर्जावर, मेडिकल इन्शुरन्सवर, विमानाच्या तिकिटावर, एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगताना, असं सगळीकडे मी सासऱ्यांचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तरी माझी ट्यूब पेटली नाही! आमच्या घरी ते नाना. मंडळात नाना. शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनाही ते 'नॅना' (त्यांच्या भाषेत नॅना म्हणजे आजी, त्यामुळे त्या जरा बिचकून असतात).

आणि सासूबाई त्यांना काय म्हणतात? सासूबाई त्यांना 'अहो' म्हणतात. ते समोर नसले की 'हे'.

माझ्या सासूबाईंची ओळख करून द्यायची म्हणजे त्यांच्या आवाजापासूनच सुरुवात करावी लागेल. सांगलीच्या एसटी स्टँडवर त्या तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत होत्या. गाड्या लागल्याची घोषणा त्यांच्या आवाजात व्हायची. म्हणतात, की त्या "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणाल्या की भांडणारी माणसं भांडण थांबवायची, आणि उसाचा रस काढणारा चरक थांबवायचा. मला हे सगळं सासुरवाडीचं कौतुक वाटायचं. मग फेब्रुवारीत आमच्या नाटकातल्या बाईसाहेब, म्हणजे आमच्या स्मिताताई, स्वतःच्या ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसल्या.

प्रयोगाला पाच आठवडे राहिले होते. आमच्या बेसमेंटमध्ये तालीम चालू होती. लफंग्याचं काम करणारा शैलेश फार मन लावून आणि फार हळू आवाजात बोलत होता. तेवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन जिन्यावर आल्या, तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "मागच्या माणसाला ऐकू येत नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण बेसमेंटमधली आम्ही सगळी माणसं ताठ उभी राहिलो. शैलेशने तर पाय जुळवले. दहा वर्षं ही बाई माझी सासू आहे आणि मला वाटत होतं, की त्या आमटी चांगली करतात!

"आई, तुम्हीच करा ना बाईसाहेब!" ब्लाउजवालीचं काम करणारी वर्षा ओरडली.

"मला मेलीला काय येतंय नाटक?" असं म्हणत आई खाली आल्या, ट्रे वॉशिंग मशीनवर ठेवला आणि चष्मा लावून माझ्या हातातली वही घेतली. दोन अटी घातल्या. एक, रात्री नऊनंतर तालीम नाही. दुसरी अट जरा बिकट होती.

"विधवा बिधवा नाटकात. मी कुंकू काढायची नाही, मंगळसूत्र काढायची नाही आणि बांगड्याही काढायची नाही. हे जिवंत आहेत माझे."

म्हणजे आमच्या नाटकातली विधवा रुपयाएवढं कुंकू लावून आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून वावरणार होती! मी हो म्हणालो. तो आवाज ऐकल्यावर मी कशालाही हो म्हणालो असतो.

त्या वाचायला लागल्या. भाची झालेली मेघना समोर उभी होती. (मावशीचं काम तिच्या खऱ्या आईने करावं, यात मला फार मोठी कल्पकता वाटत होती.) आई खणखणीत वाचत गेल्या, "या. बसा. तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय, श्रीयुत..." आणि थांबल्या. पुढचं वाक्य वाचलं. दोन ओळींनी पुन्हा थांबल्या.

"विलास," शैलेशने आठवण करून दिली.

"ते मला माहितीय," आई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. नाव मात्र घेतलं नाही.

मेघनाने माझं मनगट धरलं आणि मला घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत ओढत नेलं.

"मकरंद! माझ्या वडिलांचं नाव काय?"

"नाना."

"नानांचं नाव काय?"

"नानांचं नाव..." आणि मग ट्यूब पेटली. "अरे देवा!"

"आईने आजपर्यंत एकदाही नानांचं नाव घेतलेलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आजीने तिला सांगितलंय. तुला काय वाटलं, ती आता तुझ्या नाटकासाठी घेणार आहे?"

मग तिने मला स्टँडवरची ती गोष्ट सांगितली. एकदा एक बाई खिडकीशी आली. तिचा नवरा गर्दीत हरवला होता, चिपळूणची गाडी सुटायला आली होती, आणि नवऱ्याचं नाव विलास! आता घोषणा तर करायला हवी. आईंनी माइक हातात घेतला, एक क्षण विचार केला आणि घोषणा केली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चिपळूणला निघालेले, आमच्या ह्यांच्या नावाचे जे कोणी गृहस्थ असतील, त्यांनी ताबडतोब चौकशीच्या खिडकीपाशी यावे." सगळ्या कंडक्टरांना नाव माहीत होतं. त्यांनी त्या माणसाला दोन मिनिटांत हुडकून आणला.

मी ठरवलं, नाव बदलायचं. विलासचं सुहास करायचं, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर बर्फ शोव्हल करत होतो. नाना बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाल्यापासून त्यांना शोव्हल करायची बंदी आहे. ते नुसतं दुसरं फावडं हातात धरून सोबतीला उभे राहतात.

"जावईबापू, नाव बदलताय म्हणे."

"हो, नाना. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मी काही मुद्दाम सुचवलं नव्हतं हं. मला वाटलं, तेवढंच आपलं नाव एका नाटकात येईल. तेव्हा हिला काम मिळणार हे कुणाला ठाऊक?" ते फावड्याने उगाच बर्फ टोकरत राहिले. "पण आता आलंच आहे, तर राहू दे."

मी फावडं बर्फात रोवलं.

"लग्नात नाव घेतलं होतं हिने," नाना म्हणाले. "सगळ्यांनी फार आग्रह केला तेव्हा. उखाणा सुरू केला आणि नेमका त्याच वेळी बँडवाल्याने ढोल बडवला. हिचे ओठ हललेले दिसले फक्त. पुन्हा म्हण म्हटलं, तर म्हणाली, एकदा झालं ते झालं. त्रेचाळीस वर्षं मी त्या बँडवाल्याला शिव्या घालतोय! ऑपरेशनच्या वेळी भूल देत होते ना, तेव्हा पोरंबाळं नाही आठवली मला, देव नाही आठवला. मनात आलं, आपलं नाव हिच्या तोंडून ऐकायचं राहिलं."

एवढं बोलून ते आत गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाहेर उणे अकरा असल्यामुळे ते तिथेच राहिलं.

त्या दिवसापासून नाटक माझं राहिलं नाही. एका माणसाला बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकवायचं, एवढं एकच काम उरलं. मी आईंना धडधडीत खोटं सांगितलं, "आई, नाव आता बदलता येणार नाही. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्या."

आईंनी माझ्याकडे बघितलं. "असू दे. मी बघते," म्हणाल्या.

मी हा होकार समजलो. (चौकशीच्या खिडकीतून "बघते" असं उत्तर आलं की त्याचा अर्थ काय होतो, हे एसटीच्या कुठल्याही प्रवाशाला विचारावं. मी नागपूरचा, आमच्याकडे रेल्वेने जातात.) पुढच्या सगळ्या तालमींत नावाची जागा आली की त्या नुसत्या थांबायच्या, आणि मी मनाशी म्हणायचो, प्रयोगात घेतील.

प्रयोगाचा दिवस उजाडला. हॉल म्हणजे कम्युनिटी सेंटरचं जिम. बाईसाहेबांच्या दिवाणखान्याच्या डोक्यावर बास्केटबॉलची रिंग होती, तिला आम्ही झेंडूचं तोरण बांधलं. अडीचशे माणसं आपापली जाडजूड जॅकेटं मांडीवर घेऊन बसली होती. पहिल्या रांगेत मधोमध नाना, इस्त्रीचा शर्ट घालून. मी एका चादरीच्या आडोशाला वही घेऊन उभा होतो. प्रॉम्प्टर मी, दिव्यांची बटणं माझ्याकडे, संगीतही माझ्याकडे.

आई रंगमंचावर आल्या. पैठणी, खांद्यावर शाल, कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू. काही बोलल्या नाहीत. नुसतं प्रेक्षकांकडे बघितलं, गाडीची वेळ विचारायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं. आणि अडीचशे माणसं गप्प झाली! आजवर मी जे पाहिलं त्याला नाटक म्हणायचं की नाही, असं मला वाटून गेलं.

"वीस वर्षं झाली मला विधवा होऊन," त्या म्हणाल्या. हॉलमधून चुळबुळ ऐकू आली. सगळ्यांची नजर चुड्यावर.

मग शैलेश आला. भूमिकेसाठी म्हणून त्याने महिनाभर मिशी वाढवली होती. भाची पुढे झाली आणि माझ्या वहीतलं वाक्य बोलली, "मावशीसाहेब, हे कोण?"

उत्तर होतं, "हे श्रीयुत विलास. यांच्यापासून जपून राहा."

"हे..." आई म्हणाल्या. थांबल्या. दिवे तोंडावर, समोर अडीचशे माणसं, आणि जिभेवर त्रेचाळीस वर्षांची सवय! "हे... आमचे हे."

मग मागून एका बाईचा आवाज आला, "अगं बाई, नवरा जिवंत आहे! तरीच कुंकू!"

मी चादर चावली. मेघना आईकडे बघतेय, शैलेश मेघनाकडे बघतोय, वर्षा विंगेतून माझ्याकडे बघतेय. सगळं संपलं होतं. आणि तेव्हा माझ्या सासूबाईंनी सावकाश शाल सावरली, खुर्चीवर बसल्या आणि भाचीला म्हणाल्या, "गेले म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं होतं. नवरा मेला म्हटलं तर लोक हळहळतात. टाकून गेला म्हटलं तर हसतात. मग मी काय सांगायचं होतं, तू सांग!"

मी वहीची पानं भराभर उलटली. असं काही त्यात नव्हतं! सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा तो नामांकित लेखक आणि मी, आम्हा दोघांना मिळून जे सुचलं नव्हतं ते या बाईंनी चुकून निघालेल्या एका शब्दावर उभं केलं होतं. मी तोंडाचा आ करून बघत राहिलो. दाराशी हॉलचा गोरा केअरटेकर पुसायचा दांडा घेऊन उभा होता. त्याने मला हळूच विचारलं, "हू इज दॅट लेडी?"

"माय मदर-इन-लॉ," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द मी छाती फुगवून उच्चारले.

अडचण एवढीच झाली, की शैलेशला फक्त माझं नाटक पाठ होतं. तो इमानदारीत पुढचं वाक्य बोलला, "बाईसाहेब, आपली ही पहिलीच भेट."

हॉल कोसळला! माणसं मांड्या बडवायला लागली. शैलेशला वाटलं, आपण जमवतोय. तो भाचीकडे वळला आणि भावनेने ओथंबून म्हणाला, "मी अविवाहित आहे."

"अहो, काही लाज!" चौथ्या रांगेतून एक आजी ओरडल्या.

दुसऱ्या अंकात ब्लाउजवाली वर्षा आली आणि तिनेही पाठ केलेलं बोलून टाकलं, "विलासनं मला फसवलं!" आता एकाच्या दोन बायका झाल्या. माझ्या संहितेत त्या अंकात जो येतो तो लफंग्याला शिव्या देऊन जातो. विलास खोटारडा. विलास हलकट. मेघनाच्या तोंडी तर मी घातलं होतं, "विलास नावाचा माणूसच नीच!" ती ते बोलली आणि तिचा आवाज चिरकला. मी आईंकडे बघितलं. प्रत्येक शिवीसरशी त्यांच्या हातातली कपबशी थोडी जास्त वाजत होती. मला वाटलं, काय अभिनय आहे!

मध्यंतरात नाना चादरीमागे आले. "जावईबापू, घेतलं का हिने? मधे मी शिंकलो एकदा. तेवढ्यात तर नाही ना घेतलं?"

"नाही नाना. तिसऱ्या अंकात आहे. शेवटी."

"बरं," म्हणाले आणि शर्ट नीट करून पुन्हा जागेवर जाऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. कारण तिसऱ्या अंकातही त्या 'हे'च म्हणणार, हे मला एव्हाना दिसत होतं.

तिसरा अंक. बाईसाहेबांनी लफंग्याला हाकलायची वेळ. वाक्य होतं, "विलास, या घराची अब्रू तू धुळीला मिळवलीस. चालता हो!" आई उभ्या राहिल्या. "या घराची अब्रू तुम्ही..." म्हणाल्या आणि नाव गाळलं. पहिल्या रांगेत नाना किंचित खाली झुकले.

पण शैलेश दोन तास नको तिथे हशे घेऊन पिसाळला होता. त्याने प्रोजेक्ट मॅनेजर करतो तेच केलं: अडलेलं काम मार्गी लावायला स्वतः मध्ये पडला. "नाही बाईसाहेब!" तो गरजला. "आज सगळ्यांसमोर सांगा! मी तुमचा कोण? माझं नाव काय? घ्या, नाव घ्या!"

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी प्रॉम्प्टसुद्धा करायला विसरलो.

"तुमचं नाव?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "मघापासून ऐकतेय मी. जो येतो तो त्या नावाला शिव्या घालून जातो. आम्ही आपलं ऐकून घ्यायचं! अहो, ते नाव लावायची तुमची लायकी आहे का? मी बघितलाय त्या नावाचा माणूस. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेला, कुणा कंत्राटदाराचा चहा फुकट प्यायले नाहीत. माझी पहाटेची ड्युटी असली की स्वतः पोरीच्या वेण्या घालून द्यायचे. वाकड्या घालायचे, पण घालायचे! छाती उघडून शिवली, शुद्धीवर आले, आणि पहिलं काय विचारलं? तर म्हणे, 'तू जेवलीस का?' असे असतात विलास! कळलं? विलास! पुन्हा या नावाला हात लावाल तर बघा!"

तो आवाज चौकशीच्या खिडकीतला होता. वरची रिंग हलली आणि तोरणातलं एक फूल खाली पडलं.

आणि पहिल्या रांगेतून उत्तर आलं, "ओ!"

नाना उभे राहिले होते. हाक मारल्यावर माणूस ओ देतो, तशी त्यांनी ओ दिली होती. हातातला चहा शेजाऱ्याच्या हातात दिला आणि जॅकेट काखेत, पायात स्नो बूट, अशा अवतारात सगळ्यांसमक्ष दोन पायऱ्या चढून ते रंगमंचावर आले. प्रेक्षकांना काय ठाऊक, हे कोण! त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी ओरडलं, "हा खरा विलास! तो तोतया!"

शैलेश चादरीजवळ सरकला आणि कुजबुजला, "मकरंद, आता माझा रोल काय?"

मला त्याच्याकडे बघायलाही वेळ नव्हता. आईंनी जीभ चावली होती. आपण काय बोललो ते त्यांना आता उमगलं होतं. चेहरा पांढराफटक. बाईसाहेब, जहागीर, अब्रू, सगळं गळून पडलं. त्यांनी नानांचा दंड धरला आणि पदराला माइक आहे हे विसरून विचारलं, "अहो, बरं आहे ना तुम्हाला? छातीत काही होत नाही ना?"

"होतंय," नाना म्हणाले.

"काय होतंय?"

"बरं वाटतंय." नानांचे डोळे वाहत होते. "आणखी एकदा म्हण."

"आता नाही हं! दुपारची गोळी घेतलीत का?"

अख्खा हॉल उभा राहिला. दिवे मालवायचं बटण माझ्या हाताखाली होतं आणि मी ते दाबलं नाही, कारण मी चादरीला तोंड पुसत हुंदके देत होतो. शेवटी केअरटेकरने येऊन दिवे घालवले. "आय डिडन्ट अंडरस्टँड अ वर्ड," तो म्हणाला आणि नाक ओढलं. लग्न, अब्रू आणि ढोंग यांवर एवढी पुस्तकं, एवढी नाटकं झाली; त्यातलं लग्न म्हणजे काय, ते मला त्या दिवशी त्या दोन म्हाताऱ्या माणसांकडे बघून पहिल्यांदा कळलं.

पार्किंग लॉटमध्ये मेघनाने निकाल दिला, "माझ्याच तोंडून माझ्या बापाला नीच म्हणवून घेतलंस! दोन महिने भांडी तू घासायचीस." मागच्या सीटवर आई नानांची नाडी धरून बसल्या होत्या. ती त्यांनी पुढचे तीन दिवस सोडली नाही. नाना ठणठणीत आहेत. नाव पुन्हा काही त्यांना ऐकायला मिळालेलं नाही, पण बँडवाल्याला शिव्या देणं त्यांनी बंद केलं आहे.

आणि मी? लोक अजून मला ग्रोसरी स्टोअरमध्ये अडवतात आणि म्हणतात, "मकरंद, काय लिहिलं होतंस रे! तो शेवट!" मी मान लववून थँक यू म्हणतो. खरी गोष्ट अशी आहे, की माझ्या नाटकातला एकच शब्द लोकांच्या लक्षात राहिला, आणि तो सत्तर वर्षांपूर्वी नानांच्या बारशाला त्यांच्या आत्याबाईंनी कानात कुर्रर्र करून सांगितला होता. बाकीची साठ पानं मात्र माझी.